खोली रिकामी आढळली

अभ्यासिकेतला दिवा मी घालवला. दुसऱ्या कोणी नाही. शिडी माझी, स्क्रूड्रायव्हर माझा, हात माझा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी ज्यांच्या नावाने बोटं मोडणार आहे त्यांना म्हणायला नको, की ही बाई आपलं ठेवते झाकून आणि दुसऱ्याचं बघते वाकून.

मी सरकारी इमारतीत वायरमन आहे. बाई आहे, तरी वायरमनच. ओळखपत्रावर तसं छापलंय आणि हजेरीपटावर माझ्या नावामागे ‘श्री.’ आहे. साहेबांना दोनदा सांगितलं. ते म्हणाले, कॉम्प्युटर बदलू देत नाही. तेव्हापासून मी श्री. आहे. चार मजले, एकशे बारा खोल्या आणि दोन लिफ्ट माझ्याकडे. त्यातली एक लिफ्ट चालते.

सरकारने योजना काढली, की सरकारी इमारतींनी आणि मोठ्या दुकानांनी, कचेऱ्यांनी वीज वाचवावी. जी इमारत जास्त वाचवेल तिला तारे. एक ते पाच. पितळी पाटीवर कोरून, दर्शनी भागात.

योजना वाईट होती असं मी म्हणणार नाही. जुन्या पिवळट ट्यूब निघाल्या. त्यांचे चोक रोज जळायचे आणि रोज मी शिडी घेऊन त्यांच्यामागे धावायचे. पाण्याचा पंप बदलला. तो जुना पंप एकटा अख्ख्या मजल्याएवढी वीज प्यायचा, मी चार वर्षं बोंबलत होते. मीटरचा आकडा खाली आला तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला. ज्या घरात सासू ‘मोकळ्या खोलीत पंखा कोणाच्या बापासाठी फिरतोय?’ असं ओरडते, त्या घरातून मी येते. वीज वाचवायला मला कोणी शिकवायची गरज नाही.

चार तारे मिळाले. साहेबांना पाचवा हवा होता. हाव इथे सुरू झाली.

पाचव्यासाठी दोन कामं निघाली. पहिलं, सगळ्या खिडक्यांच्या काचांना काळी फिल्म. ऊन आत येऊ नये, एसीवर भार पडू नये म्हणून. अभ्यासिका तळमजल्यावर मागच्या बाजूला आहे. तिथे एसी नाही. कधीच नव्हता. मी ठेकेदाराला म्हटलं, "अहो, इथे एसीच नाही, तर भार कोणावर पडतोय? आणि ही बाजू सावलीची. इथे ऊन येतच नाही."

"आदेशात ‘सर्व खिडक्या’ असं लिहिलंय, बाई."

"आदेश लिहिणारा इथे आला होता का?"

"तो कशाला येईल? त्याच्या खोलीत एसी आहे," ठेकेदार म्हणाला आणि स्वतःच हसला. दहा खिडक्यांपैकी नऊ काळ्या झाल्या. दहाव्या खिडकीला रोल संपला, म्हणून ती वाचली. अकरा वाजता भर दिवसा अभ्यासिकेत संध्याकाळ झाली.

दुसरं काम सेन्सरचं. लिंबाएवढा पांढरा गोळा असतो. खोलीत हालचाल दिसली की दिवे लावतो, दिसेनाशी झाली की घालवतो. आणि खोलीत किती वेळ माणूस होता याची नोंद वर ऑफिसच्या कॉम्प्युटरला पाठवतो. आदेश होता, प्रत्येक खोलीस एक. संडासालाही एक आणि साठ फूट लांब अभ्यासिकेलाही एकच. नकाशात तो दारावर काढला होता, म्हणून दारावर. त्याच्या पोटाखाली दोन बारीक स्क्रू. एक त्याच्या नजरेचा, एक वेळेचा. साहेबांनी चिठ्ठी पाठवली: ‘सर्वत्र एक मिनिट.’ मी फिरवला.

दुसऱ्या मजल्यावरच्या संडासात कोणाचे काय हाल झाले ते मी लिहीत नाही. एवढंच सांगते, की तिथला सेन्सर तिसऱ्या दिवशी दहा मिनिटांवर आला. साहेबांनी स्वतः फोन करून मला बोलावलं होतं.

अभ्यासिकेसाठी कोणी फोन केला नाही.

त्या खोलीत एक पाटी आहे, माझ्या नोकरीपेक्षा जुनी: ‘शांतता राखा. विनाकारण हालचाल करू नये.’ तिथे येणारी माणसं ही पाटी पाळतात. पायसुद्धा हलवत नाहीत. एक म्हातारे आहेत, सगळे त्यांना घड्याळजी म्हणतात. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, आता भिंग घेऊन जाडजूड पुस्तकं वाचतात. ते बसले की पालीलाही वाटावं, भिंतच आहे. वकिलीचा अभ्यास करणाऱ्या दोघी आहेत. घरोघर पार्सल पोचवणारा एक जण आहे, तो अर्धा वेळ वाचतो आणि अर्धा वेळ पुस्तकावर डोकं टेकून झोपतो. आणि आमची चिमणी.

चिमणी माझी नणंद. नवऱ्याचं घर सोडून दोन वर्षांपूर्वी एका पिशवीनिशी आमच्याकडे आली. रक्तालघवीच्या तपासण्या करणाऱ्या प्रयोगशाळेतल्या नोकरीची परीक्षा देते. दोनदा चार-दोन मार्कांनी हुकली. वयाची अट आहे, त्यामुळे ही तिसरी वेळ शेवटची. आमचं घर दीड खोल्यांचं. अर्ध्या खोलीत सासूबाईंचं शिवणयंत्र, त्या शाळेची दप्तरं शिवतात. ते यंत्र सुरू झालं की शेजारचेही मोठ्याने बोलतात. माझी दोन पोरं, आणि टेम्पो चालवून चालवून हळू बोलायचं विसरलेला माझा नवरा. तिथे कोण काय वाचणार? चिमणी नऊला माझ्याबरोबर निघायची आणि सहाला माझ्याबरोबर परत यायची. ती अभ्यासिका होती म्हणून तिची परीक्षा होती. एवढा साधा हिशोब.

पहिले काही दिवस लोकांनी हसण्यावारी नेलं. दिवा गेला की दाराजवळचा कोणीतरी हात हलवायचा, दिवा लागायचा. मिनिटाने पुन्हा गेला, पुन्हा हात. मग पाळ्या लावल्या. तासाला एक ‘हातवाला’. पण जो हात हलवत बसणार तो वाचणार कधी? आणि कोपऱ्यातल्याने कितीही हात हलवला तरी दारावरच्या लिंबाला दिसायचाच नाही, मध्ये कपाटं. शेवटी लोकांनी आपापली सोय केली. अकरा जण त्या एका उघड्या खिडकीपाशी दाटीवाटीने बसायला लागले. बाकीच्यांनी पुस्तकाला अडकवायचे छोटे दिवे घरून आणले, स्वतःच्या बॅटरीचे. कुरकुर नाही, अर्ज नाही. गरीब माणूस असाच मरतो, सोय करून घेऊन.

आणि हीच चूक झाली. आमचीच.

महिन्याभराने साहेबांनी मला वर बोलावलं. त्यांच्या खोलीत एवढा गारठा, की मला शाल आठवली. टेबलावर कागद होता.

"अभिनंदन करा आमचं," साहेब म्हणाले. "अभ्यासिकेत एक्क्याण्णव टक्के बचत. अख्ख्या इमारतीत पहिला नंबर."

"बचत कसली साहेब, लोक अंधारात बसतात."

"कुठले लोक?" त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "हे बघा. वापर सात टक्के. म्हणजे खोली रिकामीच. मग अशी खोली अडवून काय उपयोग? एक तारखेपासून बंद. तिथे ऊर्जा बचत प्रदर्शन केंद्र होणार. मोठे पडदे, मॉडेलं, वरून झोताचे दिवे. पाचवा तारा नक्की."

मला वाटलं, माणूस थट्टा करतोय. पण त्यांचा चेहरा गंभीर होता. वीज वाचली म्हणून खोली बंद करायची आणि वीज कशी वाचवावी हे दाखवायला तिथे झोताचे दिवे लावायचे! दिव्याखाली अंधार ऐकलं होतं, इथे अंधारावर दिवे.

"साहेब, तिथे रोज चाळीस माणसं बसतात. माझी नणंद बसते."

"यंत्र नाही म्हणतं."

"यंत्राला फक्त दार दिसतं. तुम्ही खाली या ना. छत्तीस पायऱ्या आहेत, मोजल्यात मी."

"मीच खाली येऊन बघायचं, तर यंत्र कशाला बसवलं?" ते म्हणाले. मग आवाज मऊ केला. असा मऊ आवाज मला नेहमी महागात पडतो. "गुरुवारी अकराला समिती येतेय. पाच मिनिटांचं काम. प्रपत्रात लिहायचं, ‘खोली रिकामी आढळली.’ समितीच्या सह्या, आणि खाली देखभाल कर्मचारी म्हणून तुमची. तुमचं कंत्राट पुढच्या महिन्यात संपतंय ना? मी बघतो ते."

‘मी बघतो ते.’ या तीन शब्दांत पोळी पण असते आणि सुरी पण.

संध्याकाळी जेवताना घरी सांगितलं. चिमणीचा घास हातातच राहिला. सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं. दोन वर्षं पुस्तकं चाटून काय उजेड पाडला? यंत्रावर बस माझ्याबरोबर."

"आई, सात आठवडे राहिलेत गं," चिमणी म्हणाली.

"मग सात आठवड्यांनी बस."

नवऱ्याने मान खाली घातली होती. तो म्हणाला, "सही कर आणि मोकळी हो. तुझं कंत्राट गेलं तर..." आणि पुढे बोलला नाही, कारण चिमणी त्याच्याकडे बघत होती.

भांडी घासताना चिमणी माझ्या कानाशी आली. "वहिनी, तो स्क्रू फिरव ना. तीस मिनिटांवर कर. कोणाला कळतंय?"

"आणि महिन्याभराच्या नोंदीचं काय? ती थोडीच फिरणार. शिवाय साहेब मलाच सांगून तो परत फिरवून घेतील."

"मग त्या दिवशी आम्ही सगळे दारापाशी नाचतो."

ही कल्पना मला बरी वाटली. दुसऱ्या दिवशी अभ्यासिकेत मी सगळ्यांना खरं काय ते सांगितलं. दिवा मी घालवला, चिठ्ठी आली म्हणून घालवला, आणि आता तुम्ही नाहीच असा कागद तयार झालाय. वकिलीवाल्या दोघी अर्ज लिहायला बसल्या. पार्सलवाला म्हणाला, "मी दर अर्ध्या मिनिटाला दारातून आत-बाहेर करतो, तेवढीच सवय आहे मला." सगळे हसले. चिमणीने नाचायचं सुचवलं.

घड्याळजी तोवर वाचतच होते. त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"मी पन्नास वर्षं एका जागी बसलो," ते म्हणाले. "चाकं हलायची, मी हलायचो नाही. हात थरथरला की काटा मोडलाच. माझ्या न हलण्यावर लोकांची घड्याळं चालली. आणि आता या लिंबाला पटावं म्हणून मी नाचू?"

त्यांनी भिंग पुन्हा उचललं.

"आपण वाचायला येतो. वाचतच बसायचं. त्यांना म्हणावं, तुम्ही या आणि तुम्हीही बसा."

बास. ठरलं ते एवढंच.

गुरुवारी अकरा वाजता एक्केचाळीस माणसं बसली होती. मी मोजली. पुस्तकावरचे छोटे दिवे सगळ्यांनी बंद ठेवले होते. दहाव्या खिडकीतून येणारा एक पट्टा सोडला तर अंधार. मी मधल्या टेबलाजवळ, दारावरच्या लिंबाला दिसणार नाही अशी कपाटाला टेकून उभी होते, शिडीसारखी.

दार उघडलं आणि दिवे भक्कन लागले. पुढे समितीच्या मॅडम, साठीला आलेल्या, हातात काठी. मागे दोन सदस्य, फोनवर नोंद बघणारा कारकून आणि आमचे साहेब. म्हणजे पाच जण. मॅडम थबकल्या.

"ही खोली रिकामी आहे ना?"

साहेब एका क्षणात सावरले. "मॅडम, आज गोळा करून आणलेले दिसतात. कोणीतरी मुद्दाम भरवलंय." आणि माझ्याकडे असं बघितलं, की शिडीलाही घाम फुटावा.

"रोजचेच आहोत," घड्याळजी म्हणाले. "बसा मॅडम. पायाला त्रास दिसतोय. मधल्या टेबलाला खुर्च्या मोकळ्या आहेत."

मॅडमना खरंच बसायचं होतं. त्या बसल्या. मग बाकीच्यांनाही बसावं लागलं. साहेब शेवटी टेकले, खुर्चीच्या कडेवर.

"आता काय?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही. एक मिनिट वाचा."

चिमणीने आपलं पुस्तक त्यांच्यापुढे उघडून ठेवलं. रक्ताच्या पेशींचं चित्र होतं त्यात. मॅडमनी चष्मा लावला. माणसापुढे पुस्तक आलं की माणूस वाचतोच, समितीचा असला तरी. खोलीत पान उलटल्याचाही आवाज नाही. मी मनात सेकंद मोजत होते. अठ्ठावन्न. एकोणसाठ.

दिवे गेले.

"अरे!" सदस्यांपैकी कोणीतरी म्हणालं. साहेबांचा हात आपोआप वर गेला, दुसऱ्या मजल्यावरची सवय.

"साहेब, हात खाली," चिमणी म्हणाली. जी पोरगी घरी आईसमोर तोंड उघडत नाही, ती. "पाटी वाचा. विनाकारण हालचाल करू नये."

हात खाली आला. एक्केचाळीस माणसं अंधारात श्वास घेत होती आणि त्यांच्याबरोबर ते पाच जण.

मॅडमनी अंधारातच चष्मा काढला. मग म्हणाल्या, "यंत्र आत्ता काय दाखवतंय?"

कारकुनाने फोन उघडला. त्याची हनुवटी निळी झाली. तो घुटमळला.

"वाच ना."

"खोली रिकामी, मॅडम."

"आणि आपण कुठे आहोत?"

पार्सलवाला कोपऱ्यातून म्हणाला, "आमच्यात," आणि तेवढ्यावरून सगळी खोली हसली. ते हसणं मी विसरणार नाही. महिनाभर अंधारात मुकाट बसलेल्या माणसांचं होतं ते.

साहेब उठले. "मॅडम, तांत्रिक बाब आहे, आपण वर जाऊन बोलू. प्रपत्रावर तेवढी सही..."

प्रपत्र माझ्याकडेच होतं. मी खिशातली टॉर्च दातात धरली, कागद टेबलावर ठेवला आणि ‘अभिप्राय’ या रकान्यात लिहिलं: ‘समितीचे सदस्य धरून पाच जण, एक्केचाळीस वाचक आणि मी खोलीत असताना खोली रिकामी आढळली.’ अक्षर माझं बरं नाही, पण टपोरं आहे. खाली माझं नाव छापलेलं होतं. त्यामागचं ‘श्री.’ खोडलं, ‘श्रीमती’ लिहिलं आणि सही केली. कागद मॅडमपुढे सरकवला.

मॅडमनी दोनदा वाचला. "असं लिहून चालत नाही, बाई."

"यात खोटं काय आहे ते सांगा. तेवढं खोडते."

त्यांनी पेन उचललं. ठेवलं. "‘रिकामी आढळली’ एवढंच ठेवा," साहेब दातओठ खात म्हणाले.

"मग तुम्ही आत्ता इथे नाही, असं पण लिहून द्या," मी म्हटलं. "तुमच्या हजेरीपटावर लावते."

सही कोणीच केली नाही. मॅडम काठी टेकत उठल्या. जाता जाता त्यांनी चिमणीला विचारलं, "परीक्षा कधी आहे?" चिमणीने सांगितलं. त्या ‘हं’ म्हणाल्या. त्या ‘हं’चा अर्थ मला अजून लागलेला नाही आणि मी तो लावतही बसले नाही. मधल्या टेबलापासून दारापर्यंत वाट दिसेना, म्हणून साहेब पुढे होऊन दोन्ही हात वर करून हलवत होते. समिती हात हलवत परत गेली. ही म्हण मी लहानपणापासून ऐकलीय, डोळ्यांनी त्या दिवशी बघितली.

एक तारीख आली आणि गेली. अभ्यासिका उघडी आहे. बंद करायचा आदेश आला नाही, चालू ठेवायचाही नाही. अशा बाबतीत सरकार एवढंच करतं, कागद कुठेतरी झोपवतं. झोपू दे.

मी मात्र झोपले नाही. दोन तारखेला शिडी लावली, लिंबू उतरवलं, डबीत घालून साहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि पोच घेतली. त्याजागी दाराजवळ, खांद्याच्या उंचीला, एक साधं बटण बसवलं. खाली मारलं की दिवा लागतो, वर मारलं की जातो. वर चिठ्ठी चिकटवली: ‘शेवटी जाणाऱ्याने घालवावा.’ तेव्हापासून एकदाही दिवा रात्रभर राहिलेला नाही. ज्यांच्या घरात मोकळ्या खोलीतला पंखा कोणाच्या बापासाठी फिरत नाही, ती माणसं आहेत ही. विजेची किंमत त्यांना कळते. साहेबांच्या पितळी पाटीवर मात्र चोवीस तास दोन झोताचे दिवे असतात. तिथे सेन्सर नाही. मी आदेश वाचलाय, त्यात ‘खोली’ म्हटलंय, ‘पाटी’ नाही.

मला नोटीस आली. ‘शासकीय मालमत्तेस विनापरवाना हात लावल्याबाबत खुलासा करावा.’ मी लिहिलं: ‘दिवा लेखी चिठ्ठीवरून घालवला, तेव्हा कोणी खुलासा मागितला नाही. लावला, तेव्हा मागितला. चिठ्ठी सोबत जोडली आहे.’ कंत्राटाचं काय होईल ते महिनाअखेरीला कळेल. नवरा म्हणतो, माफी माग. सासूबाई दप्तराचा पट्टा शिवता शिवता, यंत्र न थांबवता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पाडला म्हणायचा उजेड." आमच्या घरात याहून मोठी शाबासकी नाही.

चिमणीची परीक्षा तीन आठवड्यांवर आलीय. पास होईल की नाही मला माहीत नाही. पण नापास झाली तर अभ्यास कमी पडला म्हणून होईल, अंधार होता म्हणून नाही.

आणि खिडक्या. त्याला पण परवानगी नाही. साबणाचं पाणी, एक पातं आणि जेवणाची सुट्टी एवढं पुरतं. फिल्म ओली केली की कडेने सुटते. घड्याळजी पातं धरतात, त्यांचा हात अजून थरथरत नाही. नऊपैकी चार झाल्या.

पाच राहिल्यात.